मानाच्या बाराची टोपी

बंदुकीची टोपी मी लहानपणापासून पाहत आलो, पण नीट पाहिली ती पन्नाशी उलटल्यावर. मसुराच्या दाण्यावर घातली तर बरोबर बसेल, एवढीशी असते ती. तांबूस पत्र्याची, आत तळाला ठिणगी देणाऱ्या मसाल्याचा एक ठिपका. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू भरायची, वरून काथ्या ठासायचा आणि मागे घोड्याखाली ही टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की बार होतो. टोपी नसली तर बंदूक म्हणजे नुसता दांडका.

आमचं गाव उंब्रजपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. खाली पाण्यावरचा ऊस, वर डोंगराकडेला भुईमूग आणि मका. वरच्या रानात डुकरं उतरतात, म्हणून काही घरांत राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. छरा भरत नाहीत. नुसता आवाज काढून डुकरं हाकलायची. त्यातली एक बंदूक माझ्या थोरल्या चुलत्यांची. फौजेतून आल्यावर त्यांनी ती घेतली. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो.

चैत्रात गावची यात्रा असते. पालखी देवळातून बाहेर पडताना एक बार काढायचा, ही जुनी रीत. ठाण्यातून तशी परवानगी काढतात आणि मोकळ्या रानाकडे तोंड करून, नुसत्या दारूचा बार काढतात. पण या एका बारात तीन घरांचा मान आहे. बंदूक आमच्या घरची, दारू खालच्या आळीतल्या एका घरची आणि टोपी आक्काच्या घरची. असं का, हे मी लहानपणापासून विचारत आलोय. तात्यांनी एकदा उत्तर दिलं होतं, "बंदूक, दारू आन टोपी एकाच घरात गेली की मानूस माजतो. म्हनून वाटून टाकलं आसंल कुनीतरी."

आक्का म्हणजे तात्यांबरोबर फौजेत असलेल्या त्यांच्या मित्राची बायको. सगळा गाव तिला आक्काच म्हणतो. तीन वर्षांपूर्वी तिचे मालक गेले. त्यांची बंदूक ठाण्यात जमा झाली आणि परवाना संपला. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. तेव्हा आक्काच्या दिरानं देवळातल्या बैठकीत विषय काढला, की त्या घरात आता टोपी आणणार कोण, तो मान आपल्याकडे द्यावा. बैठकीत ठरलं ते असं: आक्का आणते तोवर टोपी तिच्या घरची. ज्या वर्षी तिची टोपी आली नाही, त्या वर्षापासून मान दिराच्या घरी.

तिला परवाना नाही, त्यामुळे तिनं पैसे द्यायचे आणि टोप्यांची डबी तात्यांच्या परवान्यावर यायची, अशी सोय झाली. ती आणण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इस्लामपूरला एका साखर कारखान्याच्या खरेदी विभागात आहे आणि गावाच्या मते खरेदी म्हटलं की मी.

इथं माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. कुठंही काही बिघडलं की मला आधी त्यात माझी चूक दिसते. पाऊस ओढला तरी तुम्ही खाली मान घालून बसता, असं माझी बायको म्हणते. या वेळी मात्र जे बिघडलं त्यात माझी चूक खरोखरच होती, आणि ती मला सगळ्यात शेवटी दिसली.

महाशिवरात्र झाल्यावर आक्कानं नेहमीप्रमाणे पैसे दिले.

"दरसालागत डबी आन," ती म्हणाली. "आन चांगली बघून आन. गेल्या साली तुजा तात्या लय येळ टोपी फिरवून फिरवून बघत हुता."

"त्यास्नी दिसत न्हाई आता," मी म्हणालो.

"दिसत न्हाई तर बंदूक कशाला धरतोय? ढोलकी धर म्हनावं."

मी साताऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, माल नाही, आला तर नव्या भावानं येईल. का, तर निवडणुका. मला हे काही पटलं नाही. निवडणुकीत बंदुका उलट ठाण्यात जमा करून घेतात, मग टोप्या कुणाला लागतात? तसं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, मी दुकानदार हाय, मला वरून सांगितलं ते मी खाली सांगतो."

आमच्या खात्यात शिस्त अशी, की तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय खरेदी करायची नाही. आणि भाव विचारताना लागतं त्यापेक्षा जास्त विचारायचं. दोन बेअरिंग पाहिजेत म्हटलं तर कुणी नीट बोलत नाही, पन्नास म्हटलं की खुर्ची पुढे करतात. वीस-बावीस वर्षं हेच केल्यामुळे ते अंगात मुरलंय. साताऱ्यात मी म्हणालो होतो, "गावात परवाने बरेच हायत. सगळ्यांचं मिळून वीस डब्या लागतील असं धरा. मग भाव काय?" कराडच्या दुकानात तेच म्हणालो. तिथं कारण निराळं होतं. कुठंतरी लांब युद्ध चाललंय, त्यामुळे कच्चा माल तिकडे वळलाय. आता मला मजा वाटायला लागली. एवढीशी टोपी, आणि तिच्या मागे एकदा निवडणूक, एकदा युद्ध.

तिसरा भाव सांगलीला काढला. तिथलं दुकान एका जैन शेठांचं. दिवेलागणीच्या आत जेवणारा माणूस आणि धंदा बंदुकांचा, हे मला पहिल्यापासून कोडं होतं. ओळख वाढल्यावर मी एकदा ते विचारलंही. ते म्हणाले, "वडिलांनी पिकाच्या राखणीसाठी म्हणून दुकान घातलं. पोरं आता मोबाइलचं दुकान टाका म्हणतात. मला मात्र गिऱ्हाईक लागतं शेतकरीच. डुकरं किती आली, काय खाल्लं, सगळं सांगत बसतो. मोबाइल घेणारा काय सांगणार?" त्यांनी सांगितलेलं कारण आणखी वेगळं होतं. कारखान्यात काही दुरुस्ती चालू आहे, माल थोडा थांबलाय, पंधरा दिवसांत येईल. तिन्ही कारणांत हेच सगळ्यात साधं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला. त्यांनाही मी वीस डब्यांचा भाव विचारला आणि घरी आलो.

आठ दिवसांनी पुन्हा विचारलं तर भाव दुप्पट झालेला. मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली, टोप्यांचा भाव चढतोय, ज्यांना लागणार असतील त्यांनी बघा. हेतू चांगलाच होता. पण ती ओळ वाचून गावातले परवानेवाले उठले आणि जमेल तिथं गेले. कुणी उंब्रजला जाणाऱ्याच्या गाडीवर बसून कराडला, कुणी थेट साताऱ्याला. वर्षभर एक डबी न संपवणारी माणसं दोन-दोन डब्या मागायला लागली. एकाला तर मी विचारलं, "तुमची बंदूक गंजून माळ्यावर पडलीय, तुमाला कशाला?" तो म्हणाला, "सगळी घ्यायला लागल्यात. मग आमी काय मागं ऱ्हायाचं?"

मार्च सरेपर्यंत भाव पूर्वीच्या चौपट झाला. वर दुकानदारांनी डब्या झाकून ठेवल्या, परवाना पाहून ओळखीच्यालाच द्यायला लागले. आक्कानं दिलेल्या पैशात आता जेमतेम पाव डबी आली असती, आणि सुट्ट्या टोप्या कुणी देईना.

आक्काच्या दिरानं स्वतःच्या परवान्यावर त्याच भावानं एक डबी घेतली. घेतली आणि पारावर येऊन सांगितलंही. "मला कसली घाई न्हाई," तो म्हणाला. "वैनीची टोपी आली तर आनंदच हाय. न्हाई आली तर यात्रा थांबाय नको, म्हनून आनून ठिवली." त्याच्या बोलण्यात वाकडं काढायला जागा नव्हती. त्यामुळेच मला झोप येईना.

भाव इतका कशानं चढला हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. एका रविवारी मी सांगलीला गेलो आणि शेठांना म्हणालो, खरं कारण सांगा.

"मला तरी कुठं माहीत आहे," शेठ म्हणाले. "थांबा, वरच्यालाच विचारू." त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडचा माणूस म्हणाला, "शेठ, कारखान्याचं काम तर कधीच झालंय. माल थोडा कमी होता हे खरं. पण तुमच्या भागातच एकदम मागणी कशी उठली ते मलाच कळेना. साठ डब्यांची विचारणा एका आठवड्यात. साताऱ्यातून वीस, कराडातून वीस आणि तुम्ही वीस. एरवी सहा महिन्यांत एवढ्या जात नाहीत. म्हटलं काहीतरी आहे, भाव वाढवून धरू. आणि वाढवला तर मागणी आणखी वाढली."

शेठांनी फोन ठेवला. मी काचेखालच्या काडतुसांकडे बघत बसलो होतो.

"शेठ," मी म्हणालो, "साताऱ्याला मीच विचारलं होतं. कराडलापण मीच."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे साठ डब्यांचं गिऱ्हाईक तुम्ही एकटे?"

"हो."

"आणि तुम्हाला खरी लागणार किती?"

"एक."

"एक डबी?"

"एक टोपी."

शेठ हसले नाहीत. त्यांनी गडव्यातलं पाणी ओतून मला दिलं, एवढंच. मी म्हणालो, आता तुम्ही वर सांगा, मागणी खोटी होती, भाव उतरवा. ते म्हणाले, "सांगतो. पण मागणी खोटी होती म्हणता, मग तुमच्या गावाकडचे आठ जण परवा इथं येऊन गेले ते कोण? तीसुद्धा खोटीच का?" आधी माझी विचारणा पोकळ होती. तिच्यामुळे भाव चढला, भावाला भिऊन माणसं धावली, आणि ती माणसं मात्र खरी होती. खोट्यापासून खरं कधी झालं, ती जागा मी परतीच्या बसमध्ये इस्लामपूर येईपर्यंत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी गावी जाऊन मी आक्काला सगळं सांगितलं. ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. विकतच्या शेंगा. तिचं वरचं रान तीन वर्षं पडीक आहे. घरात बंदूक राहिली नाही, पेरलेलं सगळं डुकरं उकरून काढायची, म्हणून तिनं पेरणंच सोडलं.

"आक्का, वरचे पैसे मी घालतो," मी म्हणालो. "चूक माझी हाय."

"तुजे पैसे घातले की टोपी तुजी झाली," ती म्हणाली. "मग दीर बोलंल, आन ते खरंच बोलंल."

"उसने घ्या."

"उसनी टोपी कधी ऐकलीस का रं?" ती शेंगा निवडत राहिली. मग तिनं मान वर केली. "मला एक सांग. बाराला टोपी किती लागती?"

"एक."

"आन डबीत किती असत्यात?"

"शंभरभर असतील."

"आमी दरसाली डबी देतोय. हे होते तवापासून, सासऱ्यापासून. एक टोपी लागती. मग बाकीच्या कुटं जात्यात?"

खरेदी खात्यात आयुष्य गेलेला माणूस मी. मागवलेल्या प्रत्येक बोल्टचं काय झालं हे विचारणं हे माझं काम. तीन वर्षं ही डबी मी स्वतःच्या हातानं आणून तात्यांकडे देत होतो, आणि बाकीच्या टोप्या कुठं जातात हा प्रश्न मला पडला नव्हता. पडला नव्हता, कारण उत्तर आमच्याच घरात होतं.

"चल," आक्का म्हणाली. "तात्याला इचारू."

तात्या रानातल्या खोपीबाहेर बाजेवर बसले होते. आक्कानं बसायच्या आधीच विचारलं.

"त्या व्हय," तात्या म्हणाले. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "त्या राखनीला जात्यात."

"कुनाच्या रानाच्या राखनीला?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं.

"आमच्या," ते म्हणाले.

"म्हंजी तुमचा भुईमूग आमच्या टोप्यांनी राखला."

"आक्का, तुज्या मालकास्नी म्हायती हुतं की. तेच म्हनायचे, ऱ्हाऊ द्या, माज्याकडं हायत बाजारातनं आनलेल्या येगळ्या."

"त्यास्नी म्हायती आसंल. ते गेल्यावर मला कुनी सांगितलं?"

तात्या चिडतील असं मला वाटलं होतं. फौजेतला माणूस, आवाज मोठा. पण ते उठले, खोपीत गेले, आणि मेढीला टांगलेल्या पिशवीतून एक पत्र्याची डबी घेऊन आले. गेल्या वर्षीची. झाकण उघडून त्यांनी ती आक्कासमोर बाजेवर ठेवली. तळाला टोप्या होत्या थोड्या. काहींवर हिरवट पुटं चढलेली.

"ह्या तुज्याच," ते म्हणाले. "जुन्या भावाच्या. तुज्याच पैशाच्या."

आक्कानं त्या हातावर घेऊन उन्हात धरल्या. मीही वाकून पाहिल्या. ज्या वस्तूसाठी मी तीन शहरं फिरलो, भाव चौपट केला, निम्म्या गावाला पळायला लावलं, ती आमच्याच खोपीत पिशवीत टांगलेली होती. आमच्या घरातल्या डबीत पाहायचं मला सुचलं नाही. खरेदी म्हणजे बाजारातून आणायचं, हेच डोक्यात बसलेलं.

"पेटतील का पन?" मी विचारलं.

"एक वाजवून बघू," तात्या म्हणाले.

"काय नको," आक्का म्हणाली. "वाजायची ती देवापुढं वाजंल." तिनं त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या निवडल्या. बाकीच्या डबीत टाकून डबी तात्यांना परत दिली. निवडलेल्याही कागदात बांधून त्यांच्याकडेच ठेवल्या, कारण परवाना त्यांचा. "यात्रेच्या सकाळी माज्या ताटात घाला," ती म्हणाली.

यात्रेच्या दिवशी पालखी उठली. तात्यांनी बंदूक धरली, खालच्या आळीच्या घरानं दारू दिली, तात्यांनी ती ठासली. आक्का हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. ताटात कागदाची पुडी, पुडीत तिच्या टोप्या. तात्यांनी एक उचलून डोळ्यांजवळ नेली, फिरवून फिरवून पाहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, ढोलकी देऊ का?" म्हणजे ते बोलणं गावभर झालं होतं. माणसं हसली. तात्यांनी टोपी बसवली, मोकळ्या रानाकडे नळी केली आणि घोडा पाडला.

टक् असा आवाज आला आणि पुढं काही नाही.

तात्यांनी नळी तशीच रानाकडे धरून ठेवली. अशा वेळी थांबायचं असतं, दारू उशिरा पेटू शकते. आक्काचा दीर माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यात त्याची नवी डबी होती, मला आकार दिसत होता. एक टोपी म्हणजे एकच, ती वाजली नाही म्हणजे आलीच नाही, असं तो म्हणाला असता तर बैठकीत त्यावर वाद घालता आला असता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आक्का मात्र त्याच्याकडे पाहत नव्हती. ती पुडीतली दुसरी टोपी निवडत होती, अंगणात शेंगा निवडत होती तशीच.

तात्यांनी जुनी टोपी काढली आणि दुसरी बसवली. घोडा पडला आणि बार झाला. डोंगरावरून आवाज परत आला, पिंपळावरचे कावळे उठले, पालखी हलली.

दिरानं खिशातून हात काढला. "वैनी, चांगली वाजली," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ही डबी दुकानदार माघारी घेईल का रं?" मी म्हणालो, सांगलीच्या शेठांना विचारून बघतो. त्यांनी घेतली नाही. टोप्यांचा भाव अजूनही फारसा उतरलेला नाही. माझ्या गावच्या घराघरांत त्या पडून आहेत आणि विचारायला कुणी जात नाही.

संध्याकाळी मी आक्काचे पैसे परत द्यायला गेलो. ती ते घेईना.

"पुढल्या सालच्या डबीला ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "डबी तात्याकडंच ठेव. त्याचा परवाना हाय, माजं काय म्हननं न्हाई. पर माज्या टोपीनं राखन हुनार आसंल, तर ती माज्या रानाची बी झाली पायजे."

"म्हंजी तुमी पेरनार?"

"पेरनार. भुईमूग. बांधाला बांध लागून तर हाय, तात्याला काय लांब पडतंय?"

मृगात तिनं पेरलं. मी श्रावणात गावी गेलो तेव्हा वरच्या रानात दोन्ही भुईमूग सारखे हिरवे होते. मधला बांध ओळखू येत नव्हता. तात्या खोपीबाहेर गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"काय म्हनतोय भुईमूग?" मी विचारलं.

"दोन्ही झ्याक हायत," ते म्हणाले. "पर गड्या, दोन रानं फिरायची म्हंजी जीव जातोय. आदी एका बारात भागायचं. आता तिकडच्या टोकाला जाऊन दुसरा काढावा लागतोय."

"मग टोप्या पुरतील का?"

"पुरतील," तात्या म्हणाले, आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. "तू फक्त कुटं भाव इचारायला जाऊ नगंस."